आबांचा टाक

कुडपण, ता. ४ नोव्हेंबर १९५७

ती. दादांस महिपतीचा शि. सा. न. वि. वि.

आईची प्रकृती बरी आहे. आबांचे वर्षश्राद्ध महिन्यावर आले. त्यांची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक देवांत बसवायचा आहे. आबांना नांगरताना सापडलेला देव्हाऱ्यातला रुपया आटवून तो करावा, असे मला वाटले. त्यांच्याच हातची चांदी. पोलादपूरच्या सोनाराने रुपया चिंचेने धुतला, तर वीस वर्षांच्या हळदकुंकवाखालून अक्षरे निघाली. आबा तो रुपया देवीची खूण समजून पुजत. सोनार म्हणाला, ही फारसी दिसते, आधी वाचून घ्या. कागदावर पेन्सिल घासून घेतलेला ठसा सोबत आहे. आबांशिवाय घर मोकळे वाटते. लवकर कळवावे.

आपला,
महिपती

लालबाग, मुंबई, ता. १३ नोव्हेंबर १९५७

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद.

ठसा डोंगरीच्या एका वृद्ध मौलवींनी वाचला. औरंगजेब बादशहाचे नाव आहे रे! माझे नाणे जगात पौर्णिमेच्या चंद्रासारखे झळकले, अशी त्याची फुशारकी. हातोड्याने नाणे ठोकताना चकती सरकली, म्हणून टाकसाळीचे नाव अर्धेच उठले. तुझी वहिनी म्हणते, मामंजींनी बादशहाला वीस वर्षं रोज आंघोळ घातली. ऐकून हसलो, पण छाती फुगली. आपल्या आबांच्या नांगराला तो लागला! आटवणे जिवावर येते. पण टाकाविना आबा देव्हाऱ्याबाहेर राहतील, तेही खपायचे नाही. माझ्याकडे चांदी नाही. आई सांगेल तसे कर.

तुझा दादा,
सहदेव

कुडपण, ता. ८ डिसेंबर १९५७

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

आपणांस रजा मिळाली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपले पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, कुणी एवढं ठोकून लिवलंय, ते पुसायचं नाय. मग ट्रंकेतून डबी काढली. आबा गेले त्या दिवशी उतरवलेली तिची जोडवी त्यात होती. ती माझ्या हातावर ठेवून म्हणाली, ह्यांच्या नावाची हायेत, ह्यांचीच होऊ देत.

काल टाक बसवला. रुपया पाहायला दासगावची आत्यासुद्धा आली होती. आई सगळ्यांना सांगत होती, आमच्या मालकांनी काढला.

टाक जरा लहान झाला आहे. सोनार म्हणाला होता, पदरची थोडी चांदी घालतो. आई म्हणाली, नको रे, ते अंगानं बारीकच होते.

माया आहे तशीच ठेवावी.

आपला,
महिपती