लाडवांचा डबा

ईशा,

मी शिफ्टला निघालेय. पाचला रणजित इराला न्यायला येईल. गेल्या शनिवारी लेकीला पोहायला नेलं म्हणाला, पण पोहायचे कपडे कोरडे ठणठणीत आणि केसांची तेल लावून चार पेडांची वेणी! तशी वेणी फक्त त्याच्या आई घालतात. हा तर म्हणतो, आई तिकडे पुण्यातच आहे, इथे आलेलीच नाही. माझ्यापासून का लपवतोय? की त्यांनाच आमच्या घटस्फोटाचं सांगितलं नाहीये?

इराला काही विचारू नकोस, तिला त्याच्या थापांत ओढायचं नाही. फक्त ओट्यावरचा लाडवांचा डबा तिच्या बॅगेत टाक. रणजितकडून डबा येतो तो रिकामा, तोही न धुतलेला. त्याच्या आईंनी मात्र कधीच कुणाचा डबा रिकामा परत केलेला नाही.

उद्या इरा आली की मी येईपर्यंत डबा उघडू नकोस.

सुमेधा