फरशीवरचे दोन थेंब

शनिवार, विश्रामबाग

आबांना मॉलमधल्या त्या पबमध्ये न्यायलाच नको होतं. त्यांचे पलटणीतले जोडीदार तुकानाना गेल्या आठवड्यात गेले. म्हटलं, जरा मन रमेल. बियर आली. आमच्या गावी, कोरेगावला, रानात करतात तसं आबांनी बोट बुडवून नानांच्या नावानं दोन थेंब खाली शिंपडले. वेटरनं लगेच फरशी पुसली. वर "सॉरी सर" म्हणाला.

आबा त्या पुसलेल्या जागेकडे बघत राहिले. मग ग्लास घेऊन कोपऱ्यातल्या कुंडीपाशी गेले, आत बोटं घालून चाचपलं. झाड प्लॅस्टिकचं, खाली नुसते पांढरे खडे.

"हितं माती कुठंच न्हाई रं."

भरलेला ग्लास टेबलावर ठेवून ते चालू लागले. ते दोन थेंब डोळ्यांपुढून जात नाहीत. आबा उठून गेले तोवर माझा ग्लास अर्धा संपला होता.