ताउनोचे मनगट मऊ नव्हते

मी, लेम्पी मारिया हार्यू, वय एकाहत्तर, राहणार हेमलॉक फॉल्स, उत्तर मिशिगन, गावातल्या औषधांच्या दुकानातून चौतीस वर्षांनी निवृत्त, कै. ताउनो हार्यू यांची पत्नी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या इच्छेने करीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मुद्दाम मागून घेतला, कारण कलम पाच वाचल्यावर काही जण शंका घेतील.

१९९८ साली केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी सर्व काही ताउनोला दिले होते. तो आधी जाईल हे त्यात कुठे धरलेले नव्हते.

कलम एक. राहते घर, आवारातले सॉनाघर, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आणि त्यातली शेगडी माझी मुलगी काइसा हिला, जी डुलुथला असते. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. ठेवल्यास छतावरचा बर्फ काढायला माणूस लावावा, स्वतः चढू नये. तिचे वडील जानेवारी २०१८ मध्ये त्याच छतावर गेले. हृदय बंद पडले असे डॉक्टर म्हणाले. खाली आणले तेव्हा फावडे त्याच्या मुठीतून सुटत नव्हते. ज्यांना ताउनोच्या मनगटाविषयी मते आहेत, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

कलम दोन. बँकेतली शिल्लक निम्मी काइसाला आणि निम्मी आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला. अट नाही, पण कॉफी थोडी कडक करावी अशी विनंती आहे.

कलम तीन. ताउनोची सुतारकामाची सर्व हत्यारे शाळेच्या कार्यशाळेला. बर्फ फेकण्याचे यंत्र शेजारी ग्लेन याला. ते २०११ पासून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे हलवण्याचा त्रास पडणार नाही.

कलम चार. आता पिस्तूल.

ते नऊ मिलिमीटरचे आहे. ताउनोने मे २०१७ मध्ये नवे घेतले. आयुष्यभर तो रायफल चालवत आला होता, पण गुडघे दुखू लागल्यावर रानात फिरणे कमी झाले, आणि त्याचा धाकटा भाऊ ऑर्वो, जो आमच्या रायफल आणि पिस्तूल मंडळाचा अध्यक्ष आहे, म्हणाला, "पिस्तूल घे, उभ्या उभ्या मारता येतं." कंपनीचे नाव लिहीत नाही. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटली की वरचा भाग आपोआप मागे येतो, एक आकडी रिकामी पुंगळी ओढून उजव्या बाजूला फेकते, आणि पुढचे काडतूस वर येते. फेकणे उजव्या बाजूलाच व्हावे अशी अपेक्षा असते.

मंडळाचा नियम आहे की नव्या पिस्तुलाच्या पहिल्या पाचशे गोळ्या होईपर्यंत पिस्तुलाला नावे ठेवायची नाहीत. ते अंग मोकळे करत असते. तोवर जे बिघडेल ते मनगटामुळे. हात ढिला असला तर पिस्तुलाला मागून आधार मिळत नाही आणि पुंगळी भलतीकडे उडते, असे शास्त्र आहे, आणि ते काही वेळा खरेही असते. पाचशेनंतर कोणी पिस्तुलाला नावे ठेवल्याचेही मला आठवत नाही. तोपर्यंत माणसाला मान तिरकी ठेवायची सवय झालेली असते.

ताउनो मारायचा आणि मी मागे घडीच्या खुर्चीवर वही घेऊन बसायचे. औषधांच्या दुकानात राहून मला नोंदी करायची सवय आहे. ताउनो घड्याळाच्या मध्यावर उभा आहे असे धरायचे, समोर बारा, मागे सहा, आणि पुंगळी किती वाजता पडली ते लिहायचे. पहिल्या एकशे सतरा पुंगळ्या तीन आणि चारच्या मध्ये पडल्या. एकशे अठरावी सहाच्या दिशेने निघाली आणि वाटेत ताउनोचे कपाळ लागले.

"मनगट!" बाकावरून ऑर्वो ओरडला.

"घट्ट आहे," ताउनो म्हणाला.

"घट्ट असतं तर कपाळ वाचलं असतं. अरे, पिस्तूल आहे ते, पाहुणीचा हात नाही. आवळ जरा!"

पुढच्या शंभरांत एकतीस पुंगळ्या त्याच्या कपाळावर, टोपीवर किंवा कॉलरमधून आत गेल्या. नुकत्याच सुटलेल्या पुंगळीला चटका असतो. ताउनोने पकड बदलली, पाय बदलले, काडतुसांचा प्रकार बदलला. कंपनीला पत्र लिहिले. कंपनीने आभार मानून एक टोपी पाठवली. त्या टोपीचा पुढचा छज्जा रुंद होता. त्यामुळे पुंगळी पूर्वी कपाळावरून खाली पडायची, ती आता टोपी आणि चष्म्याच्या मधे अडकून बसू लागली. ती टोपी ज्याला हवी त्याने न्यावी.

मनगट कमवायला पीठ मळ, असे ऑर्वोने सांगितले. ताउनो रोज सकाळी वेलचीच्या पावाचे पीठ मळू लागला. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे फार चांगला पाव होता. पुंगळ्यांच्या नोंदीत फरक पडला नाही.

हरणांची शिकार सुरू होण्याआधीच्या शनिवारी मंडळाचे जेवण असते. त्या जेवणात, वर्षभरात ज्याच्या पिस्तुलाने सर्वांत जास्त चाळे केले, त्याच्या नावाची पाटी लावून वर भिंतीवर बायकी गुलाबी हातमोजा टांगतात. तो वर्षभर तसाच राहतो. २०१७ साली तो ताउनोला मिळाला. ताउनोने तो हातात घालून सगळ्यांना हात हलवून दाखवला. सगळे हसले. एकतीस वर्षे कागदगिरणीत ओंडके उचललेला माणूस गुलाबी हातमोज्यात थोडा विनोदी दिसतोच.

परत येताना गाडीत त्याने उजवे मनगट डाव्या हाताने चाचपून पाहिले. मग म्हणाला, "लेम्पी, माझं मनगट खरंच मऊ आहे का गं?"

मी म्हटले, "नाही."

त्याला यापेक्षा जास्त हवे होते. माझ्याकडे तेव्हा फक्त वही होती. तोवर चारशे सदतीस गोळ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला, आणि उरलेल्या त्रेसष्ट वसंतात संपवू असे आम्ही ठरवले.

मे २०१८ मध्ये त्या मी संपवल्या. त्याआधी मी कधी पिस्तूल चालवले नव्हते. शिकायला तीन आठवडे लागले. त्रेसष्ट पुंगळ्यांपैकी एकेचाळीस मला लागल्या. मी वही मंडळाला दाखवली. ऑर्वो म्हणाला, "बाईचं मनगट आहे, लेम्पी, त्यात तुझा काय दोष." हे रास्त होते. मग मी पिस्तूल ताउनोच्या कामाच्या टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, जखडले, टेबल मैदानावर नेले, चापाला दोरी बांधली आणि दूर उभी राहून दहा गोळ्या सोडल्या. आठ पुंगळ्या सरळ मागे आल्या. ऑर्वोने येऊन व्हाइस हलवून पाहिला आणि म्हणाला, "जुना आहे. ढिला असेल."

नंतर मी पिस्तूल मार्केट नावाच्या शहरातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने भिंगातून पाहिले आणि आकडीचे टोक तिरके घासलेले असल्याचे दाखवले. पाच मिनिटांचे काम आहे म्हणाला. मी त्याला हात लावू दिला नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्याकडून ते लेखी घेतले. मंडळाने तो कागद वाचून म्हटले, त्याने पिस्तूल पाहिले, ताउनोला मारताना कुठे पाहिले?

शेवटी मी ऑर्वोला म्हटले, तूच एकदा चालवून बघ. त्याने टोपी काढून छातीशी धरली. "मेलेल्या भावाच्या पिस्तुलाला मी हात लावणार नाही, लेम्पी. काही मान असतो की नाही?" तेव्हापासून मंडळातल्या प्रत्येकाला तोच मान आठवतो.

त्या वर्षीच्या जेवणात ऑर्वोने भाषण केले. हातमोजा यापुढे कोणाच्याही नावाने बदलणार नाही, तो कायमचा आपल्या भावाचा, असे त्याने जाहीर केले. पितळी पाटी तयार होती. दर वर्षी ज्याची पकड सर्वांत वाईट त्याला ताउनो हार्यू स्मृती हातमोजा म्हणून लहान प्रत मिळणार होती. सगळे उठून उभे राहिले. तिघांनी डोळे पुसले. पहिली प्रत द्यायला मला पुढे बोलावले. मी ती दिली. घरी येऊन भांडी घासली.

पिस्तूल, व्हाइस आणि वही माझ्या वकील बोद्रीबाई यांच्या ताब्यात राहतील. पिस्तूल दुरुस्त करू नये.

कलम पाच. नदीकाठचे अकरा एकर शेत, ज्यावर मंडळाची चांदमारी आहे, ते माझे आहे. सासऱ्यांच्या तोंडी शब्दावर मंडळ ते साठ वर्षे वापरत आले आहे. ते मी मंडळाला कायमचे देते, पण अट अशी की माझ्या पश्चात होणाऱ्या पहिल्या जेवणाच्या दिवशी ऑर्वो हार्यू याने सर्व सभासदांसमोर, संरक्षक चष्मा लावून, याच पिस्तुलाने पन्नास गोळ्या माराव्यात. डोक्यावर टोपी नसावी. पुंगळ्यांची नोंद बोद्रीबाईंनी करावी. दहाहून जास्त त्याच्या कपाळावर आल्यास पितळी पाटी आणि हातमोजा त्याच जागी उतरवावा. तो मारायला तयार नसल्यास शेत जिल्ह्याच्या पक्षीनिरीक्षक मंडळाला द्यावे. त्यांचे चार सभासद आहेत आणि त्यांना शांतता लागते.

कलम सहा. वरील मसुदा मंडळाला आधी कळवणे योग्य, असे बोद्रीबाईंचे मत पडले. त्यांनी कळवले. मंगळवारी सकाळी ऑर्वो दारात उभा होता.

"पक्षीवाले?" तो म्हणाला. "लेम्पी, पक्षीवाले?"

"बूट काढ आणि आत ये."

मी कॉफी केली. पिस्तूल रिकामे करून, उघडे ठेवून टेबलावर ठेवले. तो त्याच्यापासून लांबच्या खुर्चीवर बसला.

"तुला काय वाटतं," मी विचारले, "पन्नासातल्या किती पुंगळ्या लागतील?"

"मला काय माहीत?" त्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग दोन भुवयांच्या मधे बोट टेकवले. "इथे लागतात."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"जुलैत," तो म्हणाला. "तो चष्मा पुसायला गाडीकडे गेला होता. तू डब्यातून सँडविच काढत होतीस. बाकीचे मारत होतेच, त्या आवाजात मी पाच मारल्या. तीन इथे."

मी वही आणली. १५ जुलै २०१७, शनिवार. त्या दिवशी खोक्यात पाच काडतुसे कमी भरली होती. ताउनो दुकानदारावर चिडला होता, हेही मी लिहिले आहे.

"आणि नोव्हेंबरात तू त्याच्या नावाचा हातमोजा टांगलास."

"सगळे हसत होते, लेम्पी. तोही हसत होता."

"गाडीत हसत नव्हता."

ऑर्वोने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले. तो सत्तरीचा आहे. त्या दिवशी जास्त वाटला. "लहानपणापासून प्रत्येक हरीण त्यानेच मारलं," तो म्हणाला. "बाबा प्रत्येक वेळी मला सांगायचे, भावाकडे बघ, भावाकडे बघ. वाटलं, एक वर्ष तरी लोकांना माझ्याकडे बघू दे. मग तो गेला. मग पितळी पाटी करायला टाकली, आणि सांगायची वेळ गेली."

"हे जेवणाच्या वेळी उभं राहून सांग."

"पन्नास काय, पाचशे मारीन. कपाळ फोडून घेईन. पण ते मला तिथे सांगता येणार नाही."

"मग लिहून दे. या कागदात."

"हे वाचणार कधी?"

"मी गेल्यावर. मंडळाच्या जेवणात, मोठ्याने."

त्याने थोडा विचार केला. "तुझी तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

"घेते. हातमोजा मात्र येत्या जेवणाआधी उतरायचा. पाटीसकट."

"लोकांना काय सांगू?"

"कसर लागली म्हण."

"पितळेला?"

"ते तू बघ. अध्यक्ष आहेस."

तेव्हा कलम पाचमधली गोळ्यांची अट मी रद्द करते. मजकूर खोडावा असे बोद्रीबाई म्हणाल्या, पण मी तो खोडलेला नाही. शेत मंडळाला मिळावे, मात्र खालील निवेदन पहिल्या जेवणात मोठ्याने वाचून मंडळाच्या इतिवृत्तात उतरवले गेले पाहिजे. वाचताना कोणी हसल्यास शेत पक्षीनिरीक्षकांना.

निवेदन, ऑर्वो हार्यू याच्या स्वतःच्या अक्षरात:

"मी ऑर्वो हार्यू. ते पिस्तूल मी १५ जुलै २०१७ रोजी कोणाला न सांगता चालवले. पाचपैकी तीन पुंगळ्या माझ्या कपाळावर आल्या. दोष पिस्तुलाचा होता. मला तेव्हापासून माहीत होते आणि मी गप्प राहिलो. ताउनो माझ्यापेक्षा चांगला नेमबाज होता. लेम्पीने हे मला दोनदा लिहायला लावलेले नाही. पहिल्या कागदावर मी फक्त पिस्तुलाचा दोष लिहिला होता, म्हणून मीच दुसरा कागद मागितला."

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. हे माझे शेवटचे म्हणणे आहे.

(सही) लेम्पी मारिया हार्यू

आम्ही दोघे साक्षीदार. लेम्पी हार्यू यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. या कागदातून आम्हा दोघांनाही काही मिळत नाही, आणि आम्ही कोणत्याही मंडळाचे सभासद नाही.

(सही) सिल्व्हिया रन्ताला, चर्चमधील ऑर्गनवादक
(सही) डेनिस ट्रेंब्ली, टपाल वाटप

स्थळ: हेमलॉक फॉल्स, मिशिगन
दिनांक: १७ ऑक्टोबर २०१९