बहिरीने लावलेला सूर

धाकल्या, आक्काचे तुला पोटभर आशीर्वाद.

लिहितेय नात, बोल माझे. ती मधेच शहाणपण घुसडते, म्हणून शेवटी दोनदा वाचून घेणार आहे.

मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते लग्नापासूनच कुरकुरतायत.

तू कळवलंस की आक्का, तुझा उजवा कान गेला, आता वाजवायची मडकी घडवणं सोड आणि घरी ये. इथल्या कारखान्याचा मालकही तेच म्हणाला. त्याने सूर मोजायचं यंत्र आणलंय. मागच्या आठवड्यात त्याने कच्चं मडकं यंत्रापुढे वाजवलं आणि सूर जुळला म्हणून भट्टीत घातलं. अरे, भट्टीत माती आवळते, सूर वर चढतो. मी माझं मडकं पोटाशी धरलं, थाप मारली आणि ते पोटात किती घुमतं बघून सूर जरा खालीच ठेवला.

काल मडकं विकत घ्यायला एक वादक आला. त्याने दोन्ही भाजलेली मडकी वाजवली, मालकाचं बाजूला सारलं आणि माझं मांडीवर घेऊन विचारलं, "याच सुराचं आणखी एक मिळेल का?"

मी मालकाला म्हटलं, "मिळेल की. यंत्राला माझ्या हाताखाली बसवा."

डावा कानही आता दगा देतोय. वहिनीला सांगू नकोस, उगीच रडेल. तिचा खोकला थांबला का? खरं काय ते लिही.

मी येणार नाही. माझं तिकीट काढलं असशील, तर त्यावर तूच ये. इथे माती तुडवायला माणूस हवाय.

तुझ्याहून थोरली, म्हणून तुझं न ऐकणारी,
आक्का