भोपळ्याने वाचवलं

ता. ३ मार्च

माझे टॅग पुसणारी तू कोण गं? आशीर्वाद मागाहून, आधी याचं उत्तर.

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. घरच्या फोटो-कागदांची ती ऑनलाइन पेटी तू केलीस, कबूल. पण एका बोटाने टाइप करून तिच्यात शब्द चिकटवत बसले ती मी. तू म्हणतेस, 'भोपळा', 'काकूचा हट्ट' असले टॅग शोभत नाहीत. रविवारी काढून टाकणार आणि 'कागदपत्रे', 'वैद्यकीय' असलेच ठेवणार. ठेव. मग काकूच्या फ्रिजची पावती शोध त्या ढिगात डोकं घालून. तिला ती 'काकूचा हट्ट' टाकलं की मिळते. मी चौथीत शाळा सोडली. मला कपाट लावता येत नाही, पण कुठे काय ठेवलंय ते सांगता येतं.

तुझ्या बापाच्या पायाची जखम कशी आहे? तो फोनवर बरी म्हणतो, म्हणजे नसणार. राग आहे तसा लोभही आहे.

आजी

ता. ११ मार्च

ती. आजीस सा. न.

आधी हे वाच: बाबा ठीक आहेत. शनिवारी जखम चिघळली, ताप चढला, दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठलं औषध सोसत नाही का. बाबा ग्लानीत. आईला एवढंच आठवलं, की चार वर्षांपूर्वी एका इंजेक्शनाने तोंड सुजलं होतं. नाव कुणालाच आठवेना. मी 'वैद्यकीय' टाकलं, तीनशे बारा कागद आले. मग आठवलं, तेव्हा तू त्यांना काय म्हणाली होतीस. 'भोपळा' टाकलं. दोनच निघाले: सुजलेल्या बाबांचा फोटो आणि औषधाचं नाव लिहिलेला कागद. बाईंनी तयार ठेवलेलं इंजेक्शन बाजूला सारलं, दुसरं मागवलं. परवा बाबांना घरी आणलं. तुझा एकही टॅग काढणार नाही. माया आहे तशीच राहू दे.

भिंगरी

ता. १८ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं, मग जेवले.

उगाच माझी थोरवी सांगत फिरू नकोस. तो सुजला तेव्हा मला हसू आलं होतं, म्हणून तो शब्द टाकला. तुझं 'वैद्यकीय'ही राहू दे; एका कागदाला दोन नावं असली तर बिघडत नाही, ज्याला जे आठवेल त्याने ते टाकावं. बापाला सांग, पुन्हा जखम लपवलीस तर तुझ्या प्रत्येक फोटोवर 'खोटारडा' लावीन, सगळ्या घराला दिसेल.

आणि या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. त्याने लिहायचं, स्वतःच्या हाताने. दोन ओळी पुरेत. त्याचं अक्षर बघितल्याशिवाय तो बरा झाला असं मी म्हणणार नाही.

आजी