मालूचा डावा पाय

१० मार्च १९५८, डहाणू
आज शिक्षणाचा पहिला दिवस. आम्ही चौघी. परेराबाई मुंबईहून शिकवायला आल्यात. लंगड्या मुलांना मालीश आणि व्यायाम देणाऱ्या बाया या दवाखान्याला हव्यात. त्यांनी माझे हात उलटसुलट पाहिले नि विचारलं, काय काम करतेस? म्हटलं, बोंबील वाळवते. बाकीच्या हसल्या. बाई म्हणाल्या, पंधरा दिवस रोज खोबरेल चोळ, मग मुलांना हात लाव.
घरी गणूदादा जेवता जेवता म्हणाला, लोकांचे पाय चेपायला सातवी कशाला लागते.  

२ एप्रिल
स्नायू ओळखायला शिकले. कातडीला नाही चोळायचं, आतलं मांस धरायचं. आणि नियम — आधी कपाळाला हात. ताप असेल तर मालीश नाही. कोणी कितीही म्हणो. बाईंनी चौघींकडून तीन-तीनदा वदवून घेतलं. माझी पकड सर्वांत चांगली म्हणाल्या. घरी सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

१९ जुलै
दाखला मिळून महिना झाला. आता दवाखान्यातच नोकरी. आज पहिल्यांदा बाहेरचं बोलावणं — चिखल्याचे धोंडूकाका, त्यांची मोठी चिकूची वाडी आहे. त्यांचा गुडघा धरला होता. त्यांची सून बकुळा माझ्याएवढीच. तिची मालू अडीच वर्षांची, सारखी पळते.
वाडीच्या टोकाला झोपडीत सुकी राहते. मूळची झरीची. म्हातारी आहे. या घरातल्या सगळ्या पोरांना तिनेच तेल लावून वाढवलं. मी गुडघा करत असताना ती दारात बसून बघत होती. मला काय झालं कोण जाणे, तिला ऐकू जाईल असं बकुळाला म्हणाले, की या अडाणी चोळण्याने मुलांची हाडं बिघडतात. असं मला कोणीच शिकवलं नव्हतं.
निघताना सुकी म्हणाली, "बाय, तुजा हात बरा हाय."

८ ऑगस्ट
पाऊस. दवाखान्यात कोणी नाही.

११ ऑगस्ट
दुपारी चिखल्याहून गाडी आली. मालूचा पाय दुखतोय, रडतेय, लगेच चला. सुकीच्या झोपडीला कडी. भाऊ आजारी म्हणून दोन दिवसांपूर्वी झरीला गेली म्हणे.
मी विचारलं, ताप नाही ना? बकुळा म्हणाली, नाही, रडून तापलीय. कपाळाला हात लावला. गरम होतं. रडून होतं तेवढं नव्हतं.
धोंडूकाका समोरच्या बाकावर. शेजारच्या दोघांना सांगत होते, शिकलेली बाई आहे, दवाखान्यातली, मुद्दाम गाडी पाठवून आणलीय. मला उठून सांगायचं होतं — आज नाही, आधी डॉक्टर. पण मग मला येतं काय, असं वाटलं असतं त्यांना. बसले. डावा पाय, मांडीपासून खाली, वीस मिनिटं. पोर किंचाळत होती. मी बकुळाला म्हणाले, पहिल्यांदा असंच होतं.

१४ ऑगस्ट
मालूचा डावा पाय हलत नाही.
डॉक्टरांबरोबर मलाही नेलं. पोलिओ म्हणाले. मग विचारलं, तापात हिचा पाय कोणी चोळला होता का? बकुळाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. धोंडूकाका म्हणाले, आमच्याकडे एक सुकी आहे, कालच परत आली, तिचंच काम असणार, रोज चोळत असते.
मी तिथेच उभी होते. डॉक्टरांची पेटी हातात. सुकी त्या दिवशी वाडीत नव्हती, हे मला माहीत होतं, काकांनाही. बोलले नाही.

१५ ऑगस्ट
दवाखान्यात झेंडावंदन. अंग मोडलंय सांगून घरीच पडून राहिले.

२३ ऑगस्ट
सुकीला वाडीतून काढलं. झोपडी पाडली. तीस वर्षं तिथे होती. चिखल्याच्या रस्त्यावर समोरून आली — डोक्यावर गाठोडं, काखेत कोंबडी. मला दुसरीकडे वळायला जागा नव्हती. विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, झरीला, भावाकडं. मग म्हणाली, "पोरीला बसवून ठेवू नको. उभी कर रोज." आणि गेली.
मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

१६ सप्टेंबर
डॉक्टरांनी मालूचं काम मलाच दिलं. बकुळा एक दिवसाआड घेऊन येते. पोर मला बिलगते. बाहेर बसलेल्या बाया म्हणतात, काय माया आहे या वेणूताईंच्या हाताला. जेवण जात नाही. आईला वाटतं नजर लागली.

३ ऑक्टोबर
धीर करून डॉक्टरांना विचारलं, तापात मालीश झालं म्हणूनच पाय गेला का? म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित तसाही गेला असता. कदाचित थोडक्यात निभावलं असतं. का विचारतेस?
म्हटलं, सहज.
आणि "तसाही गेला असता" हे ऐकून मला बरं वाटलं. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. तेच आता सहन होत नाही.

१२ ऑक्टोबर
चिखल्याला गेले. धोंडूकाकांसमोर उभं राहून सांगितलं. मी चोळला, तुमच्या डोळ्यांदेखत. ताप हाताला लागला होता तरी चोळला. सुकी इथे नव्हती. बकुळा दारामागे उभी होती.
काकांनी पानाचा देठ खुडला. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात असंच वाटत होतं. ते म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. तू गेलीस तर मालूचं कोण करणार?"
मी म्हटलं, आणि सुकी?
म्हणाले, तिची झोपडी पाडली, आता काय. गावात माझं हसं करायचं का?
आतून चहा आला. मी तो प्याले. का प्याले?

१३ ऑक्टोबर
आज बकुळाचा यायचा दिवस नव्हता, तरी आली. मालूला मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, ताप मला दोन दिवसांपासून माहीत होता. तिचं रडणं बघवेना, म्हणून तुम्हाला ताप नाही म्हटलं.
मग म्हणाली, "झरीला जायच्या आधी सुकी मला बजावून गेली होती. पोरीचं अंग गरम हाय, उतरेपर्यंत पायाला कोणाला हात लावू देऊ नको."
रस्त्यात भेटली तेव्हा सुकी मला यातलं काही बोलली नव्हती.