पुष्पलताच्या तारखांचा तक्ता

२ जानेवारी १९६८, सकाळी ७
नवीन वर्षाचा संकल्प: शिस्त. बायकोला, म्हणजे पुष्पलताला, नागपूरच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या सुरू करून तीन महिने झाले. एकही फिट नाही. पोळा झाल्यावर ती फिट येऊन चुलीजवळ पडली होती. या गोळ्यांनी काही बायकांचे हार्मोन बदलतात, पाळीच्या तारखा लिहून आणा, असं डॉक्टर म्हणाले. काम मीच घेतलं. बालाघाटच्या कचेरीत चौदा वर्षं तक्ते भरतोय.

१९ जानेवारी
पाळी आली, पुष्पलता बाजूला बसली. आईचं सोवळं कडक आणि तिला नीट दिसत नाही, म्हणून चार दिवस चूल माझ्याकडे. वरण उत्तम. आईने पाणी समजून प्यायलं.

४ फेब्रुवारी
पुन्हा बाजूला! सोळाच दिवसांत. नेमकी आजच कटंगीची आत्या सहा माणसं घेऊन आली. पोळ्या मी लाटल्या. बिचारी पुष्पलता चटईवर कादंबरी वाचत पडून होती. निदान: गोळ्यांनी हार्मोन घाईला आलेत. दर सोळा दिवसांनी येणार. पुढची तारीख वीस, लिहून ठेवा.

२० फेब्रुवारी
कचेरीतून सीएल काढून घरी थांबलो. काही झालं नाही. लीप इयरचा परिणाम असावा.

११ मार्च
आईने पापडांचं पीठ भिजवलं आणि पुष्पलता बाजूला. पापड मी लाटले. सत्तावीस. त्यांतले गोल तीन.

२ एप्रिल
साहेब सहकुटुंब जेवायला. पुष्पलता सकाळपासूनच बाजूला. साहेबांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. संकोची माणूस.

२० एप्रिल, रात्री
नागपूरहून परतलो. दोन रंगांच्या शाईतला तक्ता डॉक्टरांपुढे ठेवला. माझा हार्मोनचा सिद्धांतही सांगितला. डॉक्टर गंभीर झाले. असं असेल तर ही गोळी बदलून पाहू, म्हणाले. मला अभिमान वाटला.

तेवढ्यात पुष्पलता बोलली. "गोळी बदलवू नका, डॉक्टरसाहेब. सहा महिने झाले, मी पडली नाही. तक्त्यातल्या जानेवारीच्या अन् मार्चच्या दोनच तारखा खऱ्या हाय. बाकीच्या वेळी मले आराम पाहिजे होता."

म्हणजे मध्ये बावन्न दिवस; पाळी लवकर नाही, उशिरा येते. माझ्या सिद्धांताच्या बरोबर उलट. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक गोळ्यांनी पडू शकतो, लक्ष ठेवू, पण गोळी तीच राहील. आणि यापुढे तारखा बाईंनीच लिहाव्यात. तक्त्याखाली माझी सही होती, तीही त्यांनी वाचली.

माझ्यामुळे तिची गोळी जाणार होती. बसमध्ये तुमसरपर्यंत तक्त्याची घडी घालत, उलगडत बसलो. मग विचारलं, आराम हवा होता तर मला सांगायचं.

"सांगतलं होतं," पुष्पलता म्हणाली. "तुम्ही तक्ता भरून राह्यलते."

उद्या रविवार. पुष्पलता बाजूला नाही, तरी स्वयंपाक मी करणार. वरणात डाळ किती घालतात, ते तिला विचारावं लागेल.